जरीचा हार आणि ओल्या विटा

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात भट्ट्यांना आतून लावायच्या विटा बनतात. साच्यातून काढलेली ओली वीट गरम हवेच्या खोलीत तीन दिवस सुकवायची, ही जुनी रीत. त्यात वीट बाहेरून आधी वाळते, ओल आत अडकते आणि भाजताना वीट तडकते. तडकलेल्या विटांचा ढीग प्रयोगशाळेच्या खिडकीतून रोज दिसायचा. प्रयोगशाळा म्हणजे मी एकटाच.

दोन वर्षं मागे लागून मी मायक्रोवेव्हचं सुकवणी यंत्र आणवलं, तेही महिनाभराच्या बोलीवर. अध्यक्षांना पटलं तर ठेवायचं, नाहीतर परत.

सुकवणी सांभाळणारे आबा निमगाव केतकीचे. वीट बोटानं वाजवून ते ओल सांगत. "पापड भाजायचं यंत्र हितं आणलंय व्हय साहेब?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी दोन्हीकडची एकेक वीट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हातोडीनं फोडल्या. खोलीतली पोटात अजून काळपट ओली. यंत्रातली सगळीकडून सारखी कोरडी, आणि ती सकाळीच आत घातलेली. आबांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला.

"आतनं वाळलीय की ओ."

मग अध्यक्ष येणार असं कळलं, आणि आठवडाभर चालू असलेल्या यंत्राचं उद्घाटन ठरलं. रांगोळी, सनई, बारामतीहून मागवलेला जरीचा हार. व्यवस्थापकांनी तो थेट विटांच्या गाड्यालाच घातला.

"जरीत धातू असतो, आत ठिणग्या उडतील. काढा तो," मी म्हणालो.

"अहो, फोटो तरी होऊ द्या. घातलेला हार लगेच काढतात का?"

फोटो झाला, गाडा आत गेला. मी पुढे सरेपर्यंत अध्यक्षांनी बटण दाबलं होतं. आत निळे फटाके उडाले, हार पेटला, यंत्र बंद पडलं. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावून निकाल दिला, "आपल्या मालाला हे मानवत नाही."

मी अहवालात हाराचं कारण लिहिलं. व्यवस्थापकांनी ती ओळ खोडली. मंगल प्रसंग तांत्रिक अहवालात बरा दिसत नाही म्हणे. यंत्रात वाळलेल्या त्या फोडलेल्या विटेचे दोन तुकडे घेऊन आबा स्वतः व्यवस्थापकांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले. टेबल खराब होईल, असं त्यांना सांगण्यात आलं.

यंत्र ट्रकवर चढलं तेव्हा व्यवस्थापक नारळ घेऊन हजर. सोबत हार, जरीचाच. मी तोंड उघडलं तोच आबांनी माझा दंड धरला.

"घालू द्या साहेब. आता बंदच हाय."