लाईन नसताना

कोर्स सोमवारी सुरू व्हायचा होता आणि मला त्यात काहीतरी खटकत होतं. नागपुरात सदरच्या आमच्या ऑफिसात बाकी सगळे खूश होते. शेतकऱ्यांनी मोबाइलवर शिकायचा कोर्स होता तो: विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर हाताळताना जीव कसा सांभाळायचा. चित्रं हलती, बोली वऱ्हाडी, मध्येमध्ये विनोद. प्रत्येक धड्याचं उद्दिष्ट मी लिहिलं होतं. पहिल्या धड्याचं होतं, ‘स्टार्टर उघडण्याआधी काय करायचं, ते शिकणाऱ्याला सांगता येईल.’ साहेब म्हणाले, एकदम क्लिअर. मला मात्र खात्री वाटेना.

म्हणून रविवारी एसटीने नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. एका तरी खऱ्या शेतकऱ्याने तो कोर्स माझ्यासमोर करावा, एवढंच मनात होतं, आणि घरचा शेतकरी हाताशी होता. बाबांची संत्र्याची बाग आहे. झाडांना पाणी हवं होतं आणि नेमकी विजेची लाईन गेलेली, त्यामुळे ते सकाळपासून वैतागले होते. मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसवून मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी धडा नीट पाहिला, विनोदाला हसले. शेवटी प्रश्न आला, स्टार्टर उघडण्याआधी पहिलं काम कोणतं? त्यांनी ‘मेन बंद करणे’वर बोट ठेवलं. पुढची उत्तरंही सगळी बरोबर.

‘एवढ्यासाठी पगार देतेत तुले नागपुरात?’ ते उठत म्हणाले. ‘चाल, लाईन येईस्तोवर पेटी साफ करून घेतो. मुंगळे घुसले असतीन.’

मला हायसं वाटलं. मोबाइल पिशवीत टाकून मी त्यांच्या मागे खोलीत शिरले. स्टार्टरची पेटी उघडी होती. बाबांच्या एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हाताची बोटं थेट आत, तारांमध्ये. मेन चालूच.

‘बाबा, मेन.’

‘लाईनच नाही त बंद काय करू वं?’ त्यांनी मानही वळवली नाही.

‘हात बाहेर काढा.’

‘थांब ना, एक राह्यला कोपऱ्यात.’

मेन स्विच त्यांच्या पलीकडे भिंतीवर होता. खोली इतकी अरुंद, की जाताना माझा धक्का लागला असता तर त्यांचा हात आणखी आत गेला असता. ओरडायची सोय नव्हती, दचकले असते. मला भयंकर भीती वाटत होती आणि त्यांचा तितकाच संताप आला होता. श्वास धरून, भिंतीला पाठ घासत मी सरकले, हात लांबवला आणि मेनचा दांडा खाली ओढला.

‘काहून एवढी घाबरून राहिली?’ बाबा चिडले. ‘आत्ताच त पास झालो मी तुया परीक्षेत.’

ते बोलत असतानाच शेजारच्या वावरातली ऑटोवर ठेवलेली मोटार आपोआप घरघरू लागली. लाईन आली होती. बाबांची बोटं अजून पेटीतच होती.

त्यांनी हात हळूच बाहेर काढला आणि तिथेच खाली बसले. म्हणाले, ‘लाईन असली का कोण उघडते पेटी? लाईन गेल्यावरच त उघडतो आमी सारे.’

मी पाणी आणून दिलं. मला जे खटकत होतं, ते आता समोर बसून पाणी पीत होतं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, कोर्स थांबवा. ते भडकले. तयार घास तोंडाशी आलेला, आणि ही म्हणते थांबवा. मी पहिलं उद्दिष्ट खोडून नवं लिहून दाखवलं: ‘लाईन नसतानाही शिकणारा आधी मेन बंद करेल.’

‘आणि त्याने केलं की नाही, हे मोबाइलवर तपासणार कसं?’ साहेबांनी विचारलं. ‘जुन्यात काय वाईट होतं? लोकांना उत्तरं तर येताहेत ना?’

‘कसं तपासायचं ते मला अजून माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘पण काल माझे बाबा सगळी उत्तरं बरोबर देऊन मेले असते.’