आण्णाचं फुकटचं गुऱ्हाळ

आमचा थोरला भाऊ नाथाजीआण्णा म्हंजे कडेगावातला नंबरी गुळव्या. पाक बोटावर घेतला की सांगायचा, रसाची काहील चुलीवरनं कवा उतरायची ते. पण डोकं लय तिरकं! निम्मा रस येणाऱ्याजाणाऱ्याला पाजायचा. माझं पित्त खवळायचं.

चौऱ्याहत्तर साली एका सेवासंस्थेचा पुण्याचा साहेब आला. आफ्रिकेत, टांझानियात गरिबांचा ऊस रानातच वाळतोय, गूळ करायला शिकवाय माणूस पायजे, पगार न्हाई, म्हणला.

"आण्णा, आपलं गुऱ्हाळ कोण बगणार?" मी इचारलं.

"तू हाईस की. येत नसंल तर आता तरी शीक!"

आस्सा राग आला मला! पण गडी गेलाच.

तिथं आण्णानं रस उकळाय चुलवाण खणलं, ऊस पिळाय चरक बसवला. संगं गेलेल्या पुण्याच्या साहेबानं बजावलं, "उद्या संस्थेच्या हापिसातनं मोठी माणसं येणार. गूळ दिसला न्हाई तर काम बंद."

काम बगाय सगळा गाव लोटला. पोटं खपाटीला गेलेली पोरं, म्हाताऱ्या. आता आमच्यात गुऱ्हाळावर आलेलं माणूस रस पिल्याबिगर जात न्हाई. आण्णानं पयला तांब्या एका म्हातारीला दिला आन् झालं! मागनं सगळा गावच प्याला. दिस मावळायला ऊस संपला, काहील कोरडी ठाक.

साहेब कडाडला, "गूळ करायला आलाय का पाणपोई काढायला? गाठोडं बांधा!"

"साहेब, गुऱ्हाळावरनं माणूस कोरडा गेला तर माझ्या हातनं गूळ व्हायचा न्हाई. मी हितनं हालत न्हाई," आण्णा म्हणला आन् चरकापाशीच आडवा झाला.

सकाळी डोळं उघडलं तर म्होरं कालचीच म्हातारी, डोक्यावर उसाची मोळी. मागं सगळा गाव. कुणाकडं दहा ऊस, कुणाकडं दोन, ज्येच्या त्येच्या रानातलं. आण्णानं धोतरानं डोळं पुसलं आन् चुलवाण पेटवलं. तिसऱ्या पारी मोठी माणसं आली, तवा पिवळीधमक ढेप निघालेली. पयला खडा त्यानं म्हातारीला दिला. पाव्हणं थांबली गावामागं रांगेत. काम चालू ऱ्हायलं.

दोन वर्सांनी आण्णा एस्टीतनं उतरून थेट गुऱ्हाळावर आला. आत काय येईना. मी फुकट्यांना अडवाय भवतीनं काटेरी तार मारली हुती.

"लाला, ही कशाला रं?"

लय लाज वाटली मला. जाऊन पक्कड आणली आन् तार तोडाय लागलो.