बाबांच्या लॅपटॉपवर लागेल तेवढंच

लकवा मारला तेव्हा बाबांचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. बाकी डोकं शाबूत होतं, पण त्यांच्या तोंडातून जे निघायचं ते आईलाही कळत नसे. आयुष्यभर बसवर कंडक्टरकी केलेला माणूस तो, शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचायचा. डाव्या हाताने वहीत लिहून पाहिलं, ते त्यांनाच वाचता येईना. मोबाइलवर बोट भलत्याच अक्षरावर पडायचं, त्यात मधेच कुणाचा तरी फोन. एक दिवस त्यांनी तो उशीखाली सरकवला, तो पुन्हा काढलाच नाही.

मी नागपूरहून लाखनीला आईबाबांकडे गेले ते माझा कॉलेजातला लॅपटॉप घेऊन. तो सुरू होईस्तोवर चहा उकळून गाळून व्हायचा. त्यावरचं सगळं पुसलं आणि विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स टाकलं, तेही नुसतं पायापुरतं. टाकताना आणखी काय काय हवं म्हणून लॅपटॉपने यादी दाखवली, तिच्यातल्या सगळ्या बरोबरच्या खुणा काढून टाकल्या. शेवटी काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ उरली.

आई मागून म्हणाली, "बिघडवलं का वो बाई?"

"नाही वो, रिकामा केला."

मग एकेक घातलं. चित्र दिसण्यापुरतं काहीतरी, मराठी अक्षरं, मराठी कीबोर्ड आणि लिहायचा एक साधा प्रोग्राम. अक्षर अंगठ्याएवढं केलं. बटण दाबलं की थेट कोरं पान उघडायचं. माझ्या मनाने दोन गोष्टी जास्तीच्या टाकल्या: कोपऱ्यात घड्याळ आणि लिहिलेलं मोठ्याने बोलून दाखवणारा आवाज.

बाबांनी एका बोटाने पहिलं वाक्य लिहिलं, 'चहात साखर काहून नाही?'

"डॉक्टरनं बंद केली ना," आई म्हणाली.

'मले कोणी सांगितलं?'

आजारी पडल्यापासून त्यांच्याविषयी सगळे बोलत होते, त्यांच्याशी कोणीच नाही.

घड्याळाकडे पाहून त्यांनी लिहिलं, 'हे कायले? भिंतीवर हाय.' मी काढलं. मग तो आवाज लावला. सपाट, परका पुरुषी सूर घरात घुमला आणि आई दचकली, "हा कोण बोलून राहिला?" बाबांनी मान हलवली. 'हा मी नाही. काढ.' तोही काढला.

तेव्हा आईच खुर्ची ओढून बसली. चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली.

महिन्याने परत गेले तेव्हा विचारलं, "बाबा, आणखी काही टाकू का त्यात?"

त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, 'नको. मले लिहाले वेळ लागते, तुह्या मायले वाचाले. बराबर जमते.'

आईने ते मोठ्याने वाचलं आणि फणकारली, "मले काहून वेळ लागन? चष्माच जुना हाय!"

त्याच आठवड्यात तिला भंडाऱ्याला नेऊन नवीन चष्मा केला.