पाहुणे कुणाकडचे?

नव्वदच्या सुमारास भिवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डेअरी होती. तिच्या पाठीमागे दिवसभर यंत्रमाग खडखडायचे, त्यामुळे डेअरीवाला ओरडूनच बोलायचा. वीज गेली, माग थांबले, तरी त्याचा आवाज काही उतरत नसे. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. आमच्या घरातलं मात्र त्याला सगळं ठाऊक असायचं.

मी हौसेने गोल ओव्हन घेतला होता आणि नणंद-नंदावे जेवायला यायचे होते. मॅकरोनी बेक करायची म्हणून चीज मागितलं. त्याने दोन ठोकळे काढले, एक मवाळ चवीचा, एक उग्र वासाचा. खांद्यावरच्या फडक्याला सुरी पुसली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "भाभी, मेहमान कुणाकडचे?"

"सासरचे," मी पुटपुटले.

"मग हे मवाळ न्या. ह्याची चवच कळत नाय, तर नावं कशाला ठेवतील?"

खरंच कुणी नावं ठेवली नाहीत. कौतुकही केलं नाही.

पुढे माझे आईवडील यायचे होते, तेव्हा चीज आणायला मी ह्यांना पाठवलं. आपल्याच माणसांसाठी मला बिनधास्त ते उग्र चीज घालायचं होतं. हे मवाळ घेऊन आले.

"अहो, पाहुणे कुणाकडचे ते त्याने विचारलं नाही?"

"विचारलं ना, ओरडून. सासरचे, म्हटलं," हे म्हणाले आणि घाईघाईने शर्टाला इस्त्री करायला गेले.