हिरानोचं रॉक आणि आमचा जलाल

सौदीतल्या अल-खोबरच्या जपानी कॅम्पात जलाल स्वयंपाकी होता. आमच्याच श्रीवर्धनचा. इराकने कुवेत गिळलं आणि गाववाले एकेक करून घरी पळाले, तेव्हा मी दुकानापायी अडकलो आणि हा आपणहून राहिला. बायको वारलेली, मूलबाळ नाही, जाऊन करणार काय? आम्ही त्याला 'जपानी जावई' म्हणायचो.

त्याला सोबत एकाचीच, हिरानो नावाच्या इंजिनिअरची. जेवणं आटोपली की हिरानो मेसमध्ये गिटार घेऊन बसायचा आणि जलाल आवराआवर करत ऐकायचा. हिरानोचं बालपण जपानातल्या अमेरिकन लष्करी तळाशेजारी गेलेलं. तळाच्या रेडिओवर तो रॉक शिकला, आणि पुढे त्याच चालींवर लढाईविरुद्ध जपानी गाणी रचू लागला. चाल अमेरिकेची, भांडणही अमेरिकेशीच! एवढं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत जलालला सांगितलं होतं. गाण्यातला शब्द मात्र जलालला एकही कळत नसे.

डिसेंबरात काही अमेरिकन सैनिक कॅम्पात जेवायला आले. आपल्या माणसाचं कौतुक व्हावं म्हणून या शहाण्याने न विचारता हिरानोची कॅसेट लावली. ओळखीचा ठेका ऐकून सैनिक टेबलं बडवू लागले, दोघे नाचलेही. लढाई नको म्हणणाऱ्या गाण्यावर लढाईला निघालेली पोरं नाचत होती. दारात उभा असलेला हिरानो आत आला आणि त्याने कॅसेट बंद केली.

त्यानंतर त्याने गिटारला हात लावला नाही. जलालने माफी मागितली, त्याच्या आवडीचे मासे तळले. हिरानो खाली मान घालून जेवायचा. जलालला कॅम्प खायला उठला.

जानेवारीत जपान्यांना परत बोलावणं आलं. निघायच्या सकाळी जलालने त्याला गाठून विनवलं, एकदा गाऊन जा.

"तुला तरी शब्द कुठे कळतात?" हिरानो म्हणाला. "तू आणि ते सारखेच."

उत्तर द्यायला जलालचं इंग्रजी पुरेना. तो सरळ आपल्या बोलीत बोलला, "नाय कळत, साहेब. पन तुमी गाता तवा घरात कोन तरी हाय असा वाटता."

हिरानो कमरेत वाकला आणि बसमध्ये चढला. गाणं काही झालं नाही. कॅम्पात जलाल एकटा उरला.

मला त्याची फार कीव आली. तू बोललास त्यातलं हिरानोला काही कळलं तरी का, मी विचारलं.

"काय कळनार त्याला?" जलाल म्हणाला. "पन बस हॉर्न मारीत होती, तरी सगला उभा राहून ऐकलान."