मिलोये दाजींची बारकी नाणी

आमचे मिलोये दाजी बिटकॉइनला हात लावत नाहीत. ते बेलग्रेडच्या दातांच्या डॉक्टरांचं नाणं, असं त्यांचं म्हणणं. दाजींना बारकी नाणी लागतात, ज्यांचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही आणि गावाबाहेरही फारसं नाही. तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले आणि मोबाईल घेऊन ओट्यावर बसले, ते अजून उठलेले नाहीत. मी त्यांच्या बायकोचा, देसांकाताईचा, धाकटा भाऊ. त्यामुळे दर रविवारी जेवताना मला हे सगळं ऐकावं लागतं.

नाणं ठेवून दिलं की रोज चिमूटभर व्याज पडतं. ते दाजी काढत नाहीत. त्यातून आणखी बारकं नाणं घेतात, त्याच्या व्याजातून त्याहून बारकं. अशी सतरा झाली. कोंबडीचं एकही अंडं खायचं नाही, सगळी उबवायची. मी एकदा म्हटलं, "दाजी, एखादं ऑम्लेट तरी?" आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सरकारी दवाखान्यात नंबर दोन वर्षांनी, खासगीत दोन हजार युरो. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या ती आता चाचपून सोलते आणि कधी सालासकट बरणीत भरते. मी म्हटलं, माझी गाडी विकतो. तर दाजी फणकारले, "माझ्या बायकोचे डोळे मेहुणा करणार?"

"अहो, मोबाईलमध्ये आहेत ना पैसे?" ताई विचारायची.

"आहेत की. तीन हजार नऊशे."

"मग दोन काढा."

"आत्ता काढले तर वाढायचे थांबतील. मोतीबिंदू कुठं पळून जातोय?"

"तो नाही पळत. मीच पायऱ्यांवरून पडते."

मार्चमध्ये त्यांचं एक नाणं, ज्याला ते लाडानं चिमणी म्हणत, एका दिवसात चौपट झालं. आणि दाजींनी जन्मात पहिल्यांदा त्यातलं बरंचसं विकलं. अडीच हजार युरो हातात आले. ताईनं पिशवी भरली: गाऊन, सपाता, डॉक्टरांना द्यायचा कॉफीचा पुडा. मी रजा काढून गाडी धुतली.

दुपारी दारात ट्रक थांबला. त्यात काळ्या ग्रॅनाइटचा थडग्याचा दगड होता, जोडीचा. आमच्याकडे माणसं जिवंतपणीच आपला दगड उभा करतात: दोघांचे चेहरे, जन्मसाल, पुढं रेघ आणि मोकळी जागा. शेजाऱ्यांचे दगड कधीचे चमकतायत, फक्त आपली जागा रिकामी, याची म्हणे दाजींना लाज वाटायची.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"रादे, ही गुंतवणूक आहे. ग्रॅनाइट दर वर्षी महागतो. डोळ्यांचं बघू चिमणीच्या पुढच्या उडीला."

यावर मी जे बोललो ते सांगण्यासारखं नाही. ताईनं पिशवी रिकामी केली आणि कॉफीचा पुडा फडताळात ठेवला.

पंधरा दिवसांत सतरापैकी चौदा नाणी मातीमोल झाली, चिमणीसकट. झालं, गाव दाजींच्या बाजूचं. "वेळेवर काढले हो मिलोयेनं," चहूकडे हेच. ज्यांनी जन्मात कधी त्यांचं ऐकलं नव्हतं ते सल्ला विचारायला ओट्यावर येऊ लागले. दाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "नफा कुठं वळवायचा ते कळलं पाहिजे."

मग मृतांचा शनिवार आला. त्या दिवशी सारं गाव पाव, वाइन आणि मेणबत्त्या घेऊन स्मशानात असतं. मी ताईला हात धरून दगडापाशी नेलं. तिनं त्यावर तळवा फिरवला.

"हा कोण?"

"तो मी," दाजी म्हणाले. "तू पलीकडे. हुबेहूब आलीयेस."

ताईचा हात सरकत सरकत स्वतःच्या कोरलेल्या चेहऱ्यावर गेला. कपाळ, नाक, मग थांबला.

"रादे, डोळे कसे काढलेत रे माझे?"

"छान काढलेत, ताई."

"बरं झालं. दोघींपैकी एकीला तरी दिसतंय."

दाजींनी मोबाईल काढला होता. उरलेल्या तीन नाण्यांचं त्या दिवसाचं व्याज पडलं होतं. ते त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, एका नव्या, चौथ्या नाण्यात घातलं.