तिसरा ‘का’

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८८. सकाळी पाणी पाऊण तास उशिरा आले. पुस्तिकेचा पाचवा भाग लिहायला घेतला. संध्याकाळी भाऊजी जेवायला. शिडीच्या अपघाताची हकीकत त्यांच्या तोंडून, पाचही ‘का’ आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी उतरवली. लिहिण्याच्या नादात भात लागला.

ही नोंद जिने केली तिला सगळा कारखाना वहिनी म्हणत असे. नाते खरे होते ते एकाशीच. तिचा धाकटा दीर तिथे जुळणी विभागात शिड्यांना खिट्ट्या बसवायचा. तो तिला हाक मारायचा ती ऐकून बाकीच्यांनीही तीच उचलली. शिपायापासून साहेबांपर्यंत ती सगळ्यांची वहिनी झाली.

तिला तिथे आणले होते तेही त्यानेच. तिचा नवरा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याच कारखान्याच्या गोदामात होता. चार दिवसांच्या तापात तो गेला. त्यानंतर तीन महिने हा दीर रोज जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या दारात उभा राहिला. ‘‘माझी वहिनी नन्सच्या शाळेत शिकलीय साहेब. तिचं अक्षर तरी बघा.’’ नमुना म्हणून त्याने तिच्याकडून डायरीचे एक पान नकलून घेऊन नेले होते. ते पान बघूनच साहेब म्हणाले, ‘‘हे छापलेलं आहे की काय?’’ पुढच्या सोमवारी वहिनी प्रशिक्षण विभागात टेबलाला बसली.

डायरीची सवय शाळेतली. लिहिल्याशिवाय दिवस संपत नाही, असे तिथे शिकवले होते आणि वहिनीने ते अंगात मुरवून घेतले होते. लग्नाच्या दिवशीची नोंद आहे, नवरा गेला त्या दिवशीचीही आहे. दोन्ही सारख्याच अक्षरात.

त्या वर्षी कारखान्यात सुधारणा गट निघाले होते. आठ-दहा कामगारांचा एक गट. गुरुवारी तासभर काम थांबवून बसायचे आणि आपल्याच कामातले दोष आपणच शोधून काढायचे. बसायचे हे ठरले, पण बसून करायचे काय ते कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या गुरुवारी माणसे घामाचे हात मांडीवर ठेवून एकमेकांची तोंडे बघत राहिली. मग साहेबांनी वहिनीला बोलावले आणि कामगाराला घरी नेऊन वाचता येतील अशा पुस्तिका लिहायला सांगितल्या.

तिने लिहिल्या. सभा कशी घ्यावी, दोषांची नोंद कशी ठेवावी, माशाच्या काट्यासारखी आकृती काढून कारणे कशी मांडावीत. वाक्य दहा शब्दांच्या वर जाऊ द्यायची नाही. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चौकटीत एक ओळ असायची. ती तिची स्वतःची होती: ‘दोष माणसात शोधू नका, पद्धतीत शोधा.’ त्या ओळीचा तिला फार अभिमान होता.

पाचव्या भागाचा विषय होता ‘पाच वेळा का विचारा’. काही बिघडले की एकदा ‘का’ विचारायचे, मिळालेल्या उत्तराला पुन्हा ‘का’ विचारायचे, असे पाच वेळा. पाचव्याला खरे कारण हाताला लागते. त्यासाठी तिला एक खरे उदाहरण हवे होते, आणि ते नुकतेच घडले होते. जानेवारीत एका वायरमनच्या पायाखालची घडीची शिडी मिटली. माणूस खाली आला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले. शिडी याच कारखान्याची होती. खिट्टी बसवणारा होता तिचा दीर.

त्याने ते लपवले नव्हते. त्या मंगळवारी जेवताना तो आपणहून बोलला.

‘‘लिहा वहिनी, नीट लिहा. शिडी का मिटली? खिट्टीला पिन नव्हती. का नव्हती? मी बसवली नाही. का नाही बसवली? विसरलो. दिवसाला दोनशे खिट्ट्या, माणूस आहे, विसरलो. पुढचं लिहा. विसरलो ते कळलं का नाही? पूर्वी बारा शिड्यांना बारा पिना मोजून ट्रेमध्ये यायच्या. एक उरली की समजायचं, कुठल्या तरी शिडीत बसवायची राहिली. आता ट्रे नाही, उघडा डबा आहे. का? मोजायला एक माणूस जातो म्हणून साहेबांनी ट्रे बंद केले.’’

साहेब तेव्हा जुळणी विभागाचेच प्रमुख होते. आता ते गुणवत्ता आणि प्रशिक्षणाचे प्रमुख झाले होते.

वहिनीने सगळे उतरवले. वर मान करून म्हणाली, ‘‘भाऊजी, नाव घालणार नाही तुमचं.’’

‘‘घाला की. मी कुठे चोरी केलीय?’’ तो हसला आणि लागलेला भात न कुरकुरता खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मसुदा वाचला. तिसऱ्या उत्तरापर्यंत त्यांची मान हलत होती. चौथ्याला थांबली.

‘‘वहिनी, पाच म्हणजे फार लांबण होतं हो. आपल्या लोकांना तीन पुरे.’’

‘‘पण साहेब, शीर्षकच पाच वेळा असं आहे.’’

‘‘शीर्षक राहू द्या. उदाहरणात तीन घ्या. बाकीचे दोन विचार करायला त्यांना सोडा.’’ मग त्यांनी मसुदा तिच्याकडे सरकवला. ‘‘आणि जरा गंमत आणा. नुसतं कोरडं कोण वाचतंय?’’

वहिनीने गंमत आणली. विस्मरणाने सगळा घोटाळा करणारा एक कामगार तिने तयार केला आणि त्याला नाव दिले विसरूभाऊ. चित्रकाराने विचारले, ‘‘दिसतो कसा?’’ ती सहज म्हणाली, ‘‘कानावर पेन्सिल ठेवतो आणि दिवसभर पेन्सिल शोधत फिरतो.’’ अख्ख्या कारखान्यात कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस एकच होता. नाव घालणार नाही हा शब्द तिने पाळला होता.

पुस्तिका एप्रिलमध्ये निघाली आणि विसरूभाऊचे पान कमालीचे गाजले. प्रशिक्षणाच्या खोलीत ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. ‘का बसवली नाही? विसरलो!’ इथे ती क्षणभर थांबायची, आणि बाकांवर हशा फुटायचा. आपल्या वाक्याला हसणारी माणसे तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. ती थांबायची जागा तिने पेन्सिलीने खूण करून ठेवली होती.

आठवड्याभरात दिराचे बारसे झाले. ‘‘आला रे, तिसरा का आला!’’ हजेरीच्या रांगेत, पाण्याच्या नळावर, सायकली ठेवतात तिथे. ‘‘काय तिसरे का, डबा आणलात की विसरलात?’’ त्याने कानावर पेन्सिल ठेवणे सोडले, तर म्हणाले, ‘‘बघा, पेन्सिल विसरला.’’ नाव वस्तीत पोहोचले, मग शाळेत. त्याच्या मुलीला पोरी म्हणू लागल्या, बाप तिसरा का, तर ही चौथा का. पोरीने सहामाहीआधी शाळा बदलून मागितली. वहिनीने त्या दिवशी डायरीत लिहिले: भाऊजींची मुलगी रडत आली होती. तिला लिंबाचे सरबत दिले.

नोव्हेंबरमध्ये वायरमनने दावा लावला. कारखान्याने चौकशी समिती नेमली. त्याच महिन्यात पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापायला जायची होती. तेव्हा दीर तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. ती नोकरीला लागल्यापासून तिच्या कचेरीत तो पहिल्यांदाच आला होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

‘‘वहिनी, समिती पंधरा दिवसांनी बसतेय. टेबलावर तुमचं पुस्तक ठेवणार म्हणे. त्यात मी विसरलो एवढंच आहे. ते खरंच आहे, काढू नका. फक्त खालच्या दोन ओळी घाला. ट्रेची आणि डब्याची. नाहीतर मला काढतील हो.’’

वहिनीने पुस्तिका उघडली, पाने मोजल्यासारखे केले. ‘‘भाऊजी, छपाईला सोळा पानांचा फर्मा असतो. दोन ओळी वाढल्या की मजकूर पुढच्या पानावर जातो. पान वाढलं की फर्मा वाढतो.’’

त्याला ते पटले. तो कारागीर होता, मापाबाहेर काही बसत नाही हे त्याला कळत होते. त्याने पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली, शेवटाशी थांबला. तिथे दोन कोरी पाने होती.

‘‘आणि ही?’’

‘‘ती टिपणांसाठी आहेत.’’

‘‘कोण लिहितं त्यात?’’

‘‘कोणी लिहीत नाही. पण ठेवावी लागतात.’’

तिने टाचणीचा डबा उजवीकडून डावीकडे ठेवला. टेबलाच्या खणात साहेबांचे पत्र होते: एक जानेवारीपासून प्रकाशन अधिकारी, स्वतंत्र खोली, दाराला नावाची पाटी. नवऱ्यामागे ज्या घरात ती राहत होती त्या घराच्या दारावर अजून नवऱ्याचेच नाव होते. पाटीवर आपले नाव कसे दिसेल ते तिने कागदावर तीन प्रकारच्या अक्षरांत लिहून पाहिले होते.

‘‘बरं,’’ दीर म्हणाला. ‘‘मग डायरी तरी दाखवा समितीला. त्यात पाचही आहेत. तुम्ही माझ्यासमोर लिहिलीत.’’

‘‘बघू,’’ वहिनी म्हणाली.

तेवढे ‘बघू’ घेऊन तो गेला. जाताना दार हळूच ओढून घेतले, तिला त्रास नको म्हणून.

शुक्रवार, सोळा डिसेंबरला समिती बसली. टेबलामागे तिघे जण, मधला बाहेरून आणलेला वकील. साहेब खिडकीजवळ. दीर भिंतीलगतच्या स्टुलावर, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, कानामागे काही नाही. वहिनीला पुस्तिकेची लेखिका म्हणून बोलावले होते.

‘‘हे तीन प्रश्न आणि उत्तरं कुठून घेतलीत?’’ वकिलाने विचारले.

‘‘कामगाराच्या सांगण्यावरून.’’

‘‘त्याने याहून जास्त काही सांगितलं होतं का?’’

वहिनीने साहेबांकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती. ‘‘माझ्या लक्षात नाही,’’ ती म्हणाली.

स्टूल करकरले. ‘‘वहिनी,’’ दीर म्हणाला. आवाज चढवला नव्हता, आठवण करून देत होता. ‘‘नऊ फेब्रुवारी. मंगळवार होता. तुम्ही डायरी घेऊन बसलात आणि भात लागला.’’

‘‘असेल,’’ वहिनी म्हणाली. ‘‘माझा भात बऱ्याचदा लागतो.’’

तिघेही हसले. साहेब सगळ्यात मोठ्याने हसले. वहिनी तिथे क्षणभर थांबली होती, प्रशिक्षणाच्या खोलीत थांबायची तशीच.

‘‘ती डायरी आणता येईल का?’’ हसू आवरत वकिलाने विचारले.

‘‘बाईमाणसाची डायरी हो ती. दूध आलं का, पाणी किती वाजता आलं, लाँड्रीत काय टाकलं. कारखान्याचं त्यात काही नसतं.’’

वकिलाने मान डोलावली आणि कागदावर एक रेघ ओढली. मग त्याने दिराला विचारले, ‘‘तुम्ही विसरलात, हे तुम्हाला मान्य आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘झालं तर.’’

जेवणाच्या सुट्टीआधी दिराच्या हातात बडतर्फीचा कागद पडला. एकवीस वर्षांची नोकरी. पाना, हातोडी आणि डबा घेऊन तो फाटकातून निघाला तेव्हा कोणीतरी सवयीने ओरडले, ‘‘तिसरे का, काही विसरलं नाही ना?’’ आणि मग त्याच्याच लक्षात आले असावे, कारण पुढे कोणी हसले नाही. फाटकावर रखवालदाराने नियमाप्रमाणे त्याची पिशवी उपसली. तळाशी एक पिन निघाली. ती त्याने काढून घेतली.

संध्याकाळी वहिनीच्या दाराशी धाकटी जाऊ आली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वहिनीला पायरीवरूनच ‘जाऊबाई’ अशी हाक मारत आत यायची. आज पायरीवरच थांबली.

‘‘आत ये ना,’’ वहिनी म्हणाली.

‘‘नको जाऊबाई. चूल तशीच टाकून आलेय. एकच विचारायचं होतं.’’

‘‘विचार.’’

‘‘का?’’

वहिनीने ओले हात पदराला पुसले. ‘‘हे बघ, समितीपुढे कागदावर असतं तेच...’’

‘‘का?’’

‘‘मला एकटीला निभवायचं आहे. उद्या माझीही नोकरी गेली तर...’’

‘‘का?’’

वहिनीने कोरडे झालेले हात पुन्हा पदराला पुसले. जाऊ थोडा वेळ उभी राहिली, बसची वाट बघतात तशी.

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचं तिसऱ्यालाच थांबतं.’’

ती पायऱ्या उतरून गेली. वहिनीने दार लावले, कडी घातली, दिव्याखाली बसून फेब्रुवारीचे पान काढले आणि वाचले. अक्षर सुरेख होते. एकही खाडाखोड नव्हती. तिने ते फाडले नाही. डायरीतले पान फाडणे तिला कधीच पटले नव्हते. पाने उलटून ती आजच्या तारखेवर आली.

शुक्रवार, १६ डिसेंबर १९८८. थंडी वाढली. समितीचे काम एका तासात आटोपले. धाकट्या जाऊबाई उभ्याउभ्या येऊन गेल्या. लाँड्रीत बारा कपडे टाकले होते, अकरा परत आले. उशीचा एक अभ्रा कमी. मोजून दिले होते म्हणून कळले.